कॉर्नेल विद्यापीठाची सरोवर-शीतलन योजना

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात इथाका येथे असलेल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या इमारती केयुगा सरोवरातील खोल पाण्याच्या थंडाव्यावर गार ठेवणारी व्यवस्था. ती जुलै २००० मध्ये सुरू झाली. विद्यापीठाची जुनी शीतलन यंत्रे भरपूर वीज खात; त्यांतील क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोन थराला घातक ठरल्याने माँट्रियल करारानुसार ते वापरातून काढायचे होते. नवी यंत्रे घेण्याऐवजी विद्यापीठाने टेकडीखालच्या सरोवराकडे पाहिले, हे या योजनेचे खरे वैशिष्ट्य.

केयुगा हे हिमनद्यांनी कोरलेले लांबट सरोवर असून त्याची कमाल खोली सुमारे १३० मी. आहे. गोडे पाणी ४° से. तापमानाला सर्वांत जड असते. हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन खाली बसते. उन्हाळ्यात वरचा थर तापला, तरी हलका असल्यामुळे तो वरच राहतो आणि तळाची थंडी टिकते. त्यामुळे थंडाव्याचा साठा दर हिवाळ्यात आपोआप भरून निघतो. सुमारे ७५ मी. खोलीवरचे पाणी नळाने काठावरील केंद्रात आणतात. तेथे उष्णता-विनिमयकाच्या पातळ धातूच्या पत्र्यांपलीकडून विद्यापीठाच्या बंद नळांतील पाणी वाहते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. गार झालेले पाणी टेकडीवर चढते. सरोवराचे पाणी किंचित कोमट होऊन सरोवरातच परत सोडले जाते. कॉम्प्रेसरचे काम जवळजवळ संपून मुख्यतः पंपच उरल्याने शीतलनासाठी लागणारी वीज सुमारे ८६ टक्क्यांनी घटली. इथाकाच्या माध्यमिक शाळेलाही हा थंडावा मिळतो.

स्थानिक नागरिकांनी योजनेला कडाडून विरोध केला आणि तो निराधार नव्हता. तळाच्या पाण्यात फॉस्फरस अधिक असतो. ते दक्षिणेकडील उथळ भागात सोडल्यास शेवाळ माजेल, अशी त्यांची भीती होती. राज्याच्या पर्यावरण खात्याने २०१३ च्या परवान्यात फॉस्फरसवर मर्यादा घातली आणि सरोवराच्या अभ्यासाची अट घातली. त्याचा खर्च विद्यापीठाने उचलला. ओढ्यांतून येणाऱ्या फॉस्फरसच्या मानाने योजनेचा वाटा अल्प असल्याचे आढळले. तरीही विजेच्या बचतीबरोबर पाण्याचाही हिशेब मागणारे नागरिक योग्यच होते.

टोरंटो शहराने २००४ पासून ऑन्टारिओ सरोवराचा असाच उपयोग केला आहे. महाराष्ट्रातील तलाव तळाशीही इतके थंड होत नाहीत, म्हणून ही योजना जशीच्या तशी येथे चालणार नाही. येथील विद्यापीठांनी आपापल्या जागेत काय आहे याचा शोध आधी घ्यावा.

कॉर्नेलमध्ये हिवाळ्यातील उष्णतेचा प्रश्न मात्र मोठा आहे. कोळसा बंद झाल्यावरही इमारती तापवण्याचा भार नैसर्गिक वायूवर राहिला. भूगर्भातील उष्णता त्याची जागा घेईल काय, हे तपासण्यासाठी २०२२ मध्ये परिसरात सुमारे ३ किमी. खोल विंधनविहीर खोदण्यात आली.