‘लोकांनी होकार दिला’ म्हणजे नेमकं काय? सिॲटलच्या स्टेडियमची गोष्ट

‘जनतेने या योजनेला पाठिंबा दिला’ असं वाक्य संशोधन प्रस्तावात आपण फार सहज लिहून जातो. सोबत मतदानाचा आकडा जोडला की पुरावा झाला, असं वाटतं. हे एक वाक्य नीट तपासलं तर काय काय हाती लागतं, ते आज अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या उदाहरणावरून पाहू. वाद जुनाच आहे: खेळाचं स्टेडियम करदात्यांच्या पैशातून बांधावं का?

फेब्रुवारी १९६८. सिॲटल ज्या किंग काउंटीत येतं, तिथल्या मतदारांसमोर एकाच दिवशी कर्जरोख्यांचे अनेक प्रस्ताव होते. ४ कोटी डॉलरच्या स्टेडियमचा प्रस्ताव मंजूर झाला, शहरी रेल्वेचा पडला. यावरून ‘लोकांना रेल्वे नको, स्टेडियम हवं होतं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण थांबा. मंजुरीसाठी ६० टक्के मतं लागत होती आणि रेल्वेला निम्म्याहून थोडी जास्त मिळाली होती. म्हणजे बहुमत दोन्हींना होतं! पहिला धडा हा, की निकालाच्या आधी नियम वाचायचा.

पुढे जागेचा वाद झाला. १९७० मध्ये मतदारांनी एक जागा नाकारली. शेवटी ज्या जागेवर काम सुरू झालं, तिच्या शेजारी चिनी, जपानी, फिलिपिनो लोकांची जुनी वस्ती होती. आपली वस्ती या स्टेडियममुळे उठेल या भीतीने तिथल्या तरुणांनी १९७२ मध्ये भूमिपूजनाच्या कार्यक्रमातच निदर्शनं केली. १९६८ च्या आकड्यात ही भीती कुठेच दिसत नाही, कारण तेव्हा प्रश्न फक्त पैशाचा विचारला होता.

‘किंगडोम’ नावाचं हे स्टेडियम १९७६ मध्ये सुरू झालं. जुलै १९९४ मध्ये छताच्या फरशा खाली कोसळल्या आणि दुरुस्तीवर पुन्हा कोट्यवधी डॉलर गेले. दरम्यान मरिनर्स या बेसबॉल संघाचे मालक नवं स्टेडियम मागत होते, नाहीतर संघ विकायला काढू म्हणत होते. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यासाठी विक्रीकर थोडा वाढवायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि जेमतेम हजारेक मतांनी पडला. विषय संपला? नाही. त्याच सुमारास संघ जिंकू लागला, शहरात उत्साह संचारला, आणि ऑक्टोबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात वेगळी योजना मंजूर केली: रेस्टॉरंटचं बिल, भाड्याच्या गाड्या वगैरेंवर कर. सरसकट सगळ्यांवरचा कर गेला, ठरावीक खर्चावरचा आला. वर्तमानपत्रांची कात्रणं सप्टेंबरपाशी थांबवली असती, तर ‘लोकांनी रोखलं’ असं लिहून आपण मोकळे झालो असतो.

१९९७ मध्ये फुटबॉल स्टेडियमसाठी राज्यभर सार्वमत झालं आणि थोडक्या फरकाने ते मंजूर झालं. त्या मतदानाचा खर्च कोणी केला? संघ विकत घ्यायच्या तयारीत असलेल्या पॉल ॲलन यांनी. मतदान कायदेशीरच होतं, पण प्रश्न कोणाच्या पुढाकाराने आणि कोणाच्या खर्चाने लोकांपुढे आला, हेही टिपून ठेवायला हवं.

आता सगळ्यात बोलका तपशील. २६ मार्च २००० रोजी किंगडोम सुरुंग लावून पाडलं. त्याच्या दुरुस्तीचं कर्ज मात्र २०१५ पर्यंत फिटत होतं, हॉटेलात उतरणाऱ्यांवरच्या करातून. नसलेल्या इमारतीचे हप्ते पंधरा वर्षं! आपण कालखंड ‘१९७६ ते २०००’ असा इमारतीच्या आयुष्यावरून ठरवला, तर ज्यावरून एवढा वाद झाला ते करदात्यांचं ओझंच अभ्यासाबाहेर राहतं.

आपल्याकडे स्टेडियमच्या खर्चावर असं सार्वमत घेत नाहीत. पण एखाद्या महापालिकेने बांधलेल्या क्रीडासंकुलावर काम करणार असाल, तर सभेतल्या ठरावावर थांबू नका. पुढच्या वर्षांची अंदाजपत्रकं आणि लेखापरीक्षण अहवालही काढा. ‘लोकांनी होकार दिला’ असं लिहायच्या आधी चार गोष्टी विचारा: प्रश्न काय होता, मंजुरीचा नियम काय होता, पैसे कोणी भरले आणि शेवटचा हप्ता कधी गेला? या चारांची उत्तरं शोधताना तुमचं निम्मं प्रकरण लिहून होईल.