कंत्राटी पेरणी

स्वतःचे पेरणीयंत्र व ते ओढणारी शक्ती न बाळगता ठरावीक मोबदल्यावर दुसऱ्याकडून शेताची पेरणी करून घेण्याची पद्धती. गहू, बार्ली, मका, सोयाबीन, हरभरा यांसारख्या विस्तीर्ण क्षेत्रावर घेतल्या जाणाऱ्या पिकांत ती विशेषेकरून आढळते. मोबदला एकरी वा हेक्टरी रोख रकमेच्या, तासाच्या भाड्याच्या किंवा उत्पन्नातील वाट्याच्या रूपाने ठरतो. इंधन कोणी घालावयाचे, बी व खत बांधापर्यंत कोणी आणावयाचे यांवरही दर अवलंबून असतो. मात्र या पद्धतीचा इतिहास पाहता, ठरलेल्या दराइतकीच पाळीची प्रतीक्षा आणि कामाचा दर्जा या दोन गोष्टी शेतकऱ्यास महाग पडत आल्या आहेत, असे दिसून येते.

खर्चाचे स्वरूप : पेरणीयंत्र वर्षातील थोडेच दिवस कामास येते, घसारा, भांडवलावरील व्याज व निवारा यांचा खर्च मात्र वर्षभर चालू राहतो. त्यामुळे क्षेत्र जितके कमी तितका यंत्राचा एकरी खर्च अधिक. उदा., स्वतःच्या यंत्राचा वार्षिक स्थिर खर्च १,२०,००० रु., इंधन व मजुरी एकरी ४०० रु. आणि कंत्राटाचा दर एकरी १,००० रु. मानल्यास, दोन्ही मार्गांचा खर्च २०० एकरांवर समान होतो. ४० एकरांच्या शेतकऱ्यास तेच यंत्र एकरी ३,४०० रुपयांस पडेल. कंत्राटदार हा स्थिर खर्च अनेक शेतांवर वाटतो आणि त्यातच त्याचा नफा असतो. परंतु पेरणीचा हंगाम सर्वांचा एकाच वेळी येतो. यंत्र जितक्या अधिक शेतांवर फिरेल तितका दर उतरतो. पण शेवटची पाळी ज्याची, त्याची पेरणी तितकीच उशिरा होते. उशिराने घटलेले उत्पन्न कंत्राटाच्या हिशेबात कोठेच लिहिले जात नाही.

इंग्लंड : जेथ्रो टल (१६७४–१७४१) याने सु. १७०१ मध्ये पेरणीयंत्र तयार केले. तथापि त्याचा प्रसार फार मंद गतीने झाला. यंत्र महाग व नाजूक होते आणि ते चालविण्यास सराव लागे. ही अडचण सफक परगण्यात भाडेपद्धतीने दूर झाली. तेथील पीझनहॉल या गावी जेम्स स्मायथ याने १८०० च्या सुमारास सुधारलेली पेरणीयंत्रे बनविण्यास प्रारंभ केला. शेतीच्या अवजारांवरील जे. ॲलन रॅन्सम याच्या १८४३ च्या ग्रंथात सफकमधील चालीची नोंद आहे. त्यानुसार वीस-तीस पौंड गाठीशी असलेला कष्टाळू मजूर त्या रकमेचे पेरणीयंत्र विकत घेई, ते भाड्याने देई आणि बहुधा स्वतःच हाकी. अशी यंत्रे दर वर्षी सफकपासून ऑक्सफर्डशरपर्यंत प्रवास करीत, असे फिलिप प्यूसी याने १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने नमूद केले आहे. भूमिहीन मजुराला स्वतंत्र व्यवसाय आणि लहान शेतकऱ्याला ओळीतील पेरणी, असा दुहेरी लाभ या चालीने झाला. जॉन फाउलर याच्या वाफेच्या नांगरास १८५८ मध्ये रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे ५०० पौंडांचे पारितोषिक मिळाले. वाफेची ही यंत्रसामग्री बहुतेक शेतकऱ्यांच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे मशागतीतही कंत्राटदारांचा वर्ग उदयास आला. आता मात्र वीस-तीस पौंडांच्या मजुराला या धंद्यात शिरकाव उरला नाही.

सोव्हिएट संघ : येथे कंत्राटदाराची जागा शासनाने घेतली. १९२८ मध्ये ओडेसा परिसरात पहिले यंत्र-ट्रॅक्टर केंद्र स्थापन झाले व पुढील दशकात अशी केंद्रे देशभर पसरली. सामूहिक शेतांची नांगरणी, पेरणी व कापणी ती करीत आणि मोबदला मुख्यत्वे धान्यरूपाने घेत. साहजिकच धान्यवसुलीचेही ते एक साधन बनले. सर्व कामांचे मोजमाप ‘मऊ नांगरटीचा हेक्टर’ या एककात होई. ट्रॅक्टरचालकाची कामगिरी पिकावरून न ठरता अशा हेक्टरांवरून ठरत असल्यामुळे क्षेत्र वाढविण्याकडे कल राही आणि काम उथळ होई. १९५८ मध्ये ही केंद्रे बरखास्त करून यंत्रे सामूहिक शेतांना विकण्यात आली. गरीब शेतांवर त्या खरेदीने कर्जाचा बोजा चढला. भाडे सुटले, पण स्थिर खर्च गळ्यात पडला.

अर्जेंटिना : पँपास प्रदेशात यंत्रमालक कंत्राटदारांची परंपरा जुनी असून १९९० नंतर ती अत्यंत प्रबळ झाली. नांगरणीविना थेट पेरणीचा प्रसार, १९९६ मध्ये तणनाशकसह सोयाबीनला मिळालेली परवानगी आणि मोठी पेरणीयंत्रे यांमुळे अनेक लहान शेतकऱ्यांनी स्वतः कसणे सोडून जमिनी खंडाने दिल्या. जमीन एकाची, भांडवल दुसऱ्याचे व यंत्र तिसऱ्याचे अशी विभागणी झाली. कंत्राटदार राहण्याची गाडी यंत्रामागे जोडून हंगामभर प्रदेशोप्रदेशी फिरतात. दर ठरविण्यासाठी तेथे ‘ऊता’ हे एकक रूढ आहे. एक हेक्टर जमीन फाळाच्या नांगराने नांगरण्याचा खर्च म्हणजे एक ‘ऊता’. पेरणी, फवारणी इ. कामे त्याच्या पटीत वा अंशात मोजतात. थेट पेरणीमुळे नांगरणी बव्हंशी मागे पडली, तरी तिचे माप टिकून राहिले. महागड्या यंत्रांसाठी काढलेल्या कर्जाचा आणि अवर्षणामुळे हुकलेल्या हंगामाचा धोका मात्र कंत्राटदाराच्याच माथी असतो.

महाराष्ट्र : येथील कोरडवाहू शेतीत तिफण वा पाभरीने पेरणी करीत. बैल अपुरे असणारे शेतकरी सावड करीत, म्हणजे एकमेकांचे बैल व श्रम आळीपाळीने वापरीत. देणे पैशात नसून दिवसांत फेडले जाई. ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्रे आल्यावर हे देणे रोख एकरी दरात परिवर्तित झाले. केंद्र शासनाच्या २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांना साहाय्य दिले गेले. तथापि काळ्या जमिनीत वाफसा थोडे दिवसच टिकतो आणि त्याच दिवसांत सर्वांना यंत्र हवे असते. वळणांत वेळ जात असल्यामुळे तुकड्यातुकड्यांची लहान शेते यंत्रवाल्याला परवडत नाहीत व त्यांची पाळी मागे पडते. पावसाने ओढ दिल्यास दुबार पेरणी करावी लागते. तेव्हा बियाण्याबरोबर पेरणीचे भाडेही दुसऱ्यांदा भरावे लागते. सावडीत बुडालेल्या पेरणीची झळ दोन्ही घरांना समजत असे. एकरी दरात ती एकट्या शेतकऱ्याची राहते.