तिकीट शून्य, पायरी तेवढीच

२६ ऑगस्ट २०२२पासून एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३पासून बायकांना निम्मं तिकीट. आमच्या बीडमध्ये घरची माणसं ऊसतोडीला गेली, की गावात म्हातारी माणसं उरतात. तालुक्याच्या दवाखान्यात जाणं त्यांना या सवलतीमुळे परवडतं. पण बसची पायरी?

१९९५च्या अपंग कायद्याने बस सहज चढता येतील अशा करायला सांगितलं, पण आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०१६च्या कायद्याने जुन्या गाड्याही बदलायला सांगितल्या. तिथेही शक्य असेल आणि परवडत असेल तरच. मला हा फरक बोचतो. भाडं एका निर्णयात उतरलं, पायरीला मात्र 'जर' चिकटूनच राहिला. आजीचं तिकीट शून्य झालं. तिला हात देऊन वर घेणारं कुणीतरी अजून लागतंच.