समोरच्याचा मेन बॉलर नाही, म्हणून पेढे वाटू नका

मित्रांनो, रविवारी आपल्या कॉलेजची मॅच आहे. समोर तेच कॉलेज, ज्यांच्याशी आपली खुन्नस आपल्या बापजाद्यांपासून चालत आली आहे. दोन्हीकडची नावं मुद्दाम लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. वर्ध्यात सगळ्यांना माहीत आहे.

परवा बातमी आली की त्यांच्या मेन फास्ट बॉलरचा खांदा दुखावला आहे, तो खेळणार नाही. त्याच्या जागी फर्स्ट इयरचा एक पोरगा उतरणार. झालं! ग्रुपवर आपल्या पोरांनी दिवाळी साजरी केली. "मेनच नाही ना भाऊ त्याईचा, मॅच आपलीच हाय!" इथवर ठीक होतं. पण मग कोणीतरी त्या नवीन पोराचा फोटो टाकला आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. त्याच्या बारीक अंगावर जोक, बुटांवर जोक. अठरा वर्षांचं लेकरू आहे ते. ही पोस्ट त्यासाठी लिहितो आहे.

आपण विदर्भातले लोक. बदली खेळाडूवर हसायचा हक्क भारतात कोणाला असेल तर तो आपल्याला सगळ्यात कमी आहे. का, ते सांगतो.

डिसेंबर 2017. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी खेळतो आहे, पण फायनल कधी पाहिली नव्हती. मुंबई, दिल्ली, कर्नाटकवाल्यांसाठी आपण म्हणजे सोपा पेपर. त्या वर्षी मात्र कोच चंद्रकांत पंडित, कॅप्टन फैज फजल आणि सोबत वसीम जाफर यांनी संघाला कोलकात्यात सेमीफायनलपर्यंत नेलं. समोर कर्नाटक. जिंकायला त्यांना 198 हव्या होत्या, ते 192 वर ऑलआउट झाले. पाच रनांनी आपण फायनलमध्ये! रजनीश गुरबानीने त्या मॅचमध्ये 12 विकेट घेतल्या. इंजिनीअरिंगची डिग्री घेतलेला हा पोरगा, तोवर बाहेर फार कोणाला ठाऊक नव्हता.

पण फायनलच्या आधी एक गोष्ट झाली. आपला सगळ्यात मोठा बॉलर उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला निघाला. खाण कामगाराचा मुलगा, 2011 मध्ये टेस्ट खेळून विदर्भाचं नाव भारताच्या टेस्ट संघात पहिल्यांदा लावणारा. सेमीफायनलला होता, फायनलला नाही. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा फायनल गाठली आणि हुकमी एक्काच हातात नाही.

त्याच्या जागी आला आदित्य ठाकरे. अकोल्याचा. वय 19 पूर्ण होऊन जेमतेम तीन आठवडे. त्याआधी प्रथम श्रेणीची एकही मॅच खेळलेला नव्हता. पहिलीच मॅच, तीही रणजीची फायनल, आणि समोर दिल्ली. रिषभ पंत कॅप्टन, टीममध्ये गौतम गंभीर.

29 डिसेंबरला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर फजलने टॉस जिंकून बॉलिंग घेतली. दिल्लीचा ओपनर कुणाल चंडेला खातं न उघडताच परत गेला. विकेट कोणाची? त्या बदली पोराची, आदित्य ठाकरेची.

पुढचं बहुतेकांना पाठ आहे. गुरबानीने पहिल्या डावात सहा विकेट घेतल्या, त्यात हॅटट्रिक. रणजी फायनलमधली ती फक्त दुसरी हॅटट्रिक, पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, 1972-73 ची. दिल्ली 295. मग अक्षय वाडकरने 133 केल्या, आपण 547 पर्यंत गेलो. दुसऱ्या डावात दिल्ली 280, आपल्याला फक्त 29 हव्या होत्या. 1 जानेवारी 2018 ला नऊ विकेटने विदर्भ रणजी चॅम्पियन. आणि काही दिवसांतच आदित्य अंडर-19 वर्ल्डकपसाठी भारताच्या संघात गेला. तिथेही जखमी खेळाडूच्या बदल्यातच!

कप आदित्यने जिंकून दिला, असं मी म्हणणार नाही. तो गुरबानीने, वाडकरने, सगळ्यांनी मिळून जिंकला. पण उमेश नाही म्हणून जे भगदाड पडायला हवं होतं, ते पडलं नाही. तेच बदली खेळाडूचं काम असतं.

आता आपल्या घरची गोष्ट. दर्शन नळकांडे. जन्म वर्ध्याचा, 1998 चा. आयपीएलमध्ये पंजाबने त्याला घेतलं 2019 मध्ये. सीझन आले आणि गेले, दर्शनला एकही मॅच मिळाली नाही. तीन सीझन! पोरगा नेटमध्ये बॉल टाकायचा, पाणी द्यायचा, टाळ्या वाजवायचा.

मधल्या काळात, नोव्हेंबर 2021 मध्ये, सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीच्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकच्या डावाच्या शेवटच्या ओव्हरमध्ये त्याने लागोपाठ चार बॉलवर चार विकेट घेतल्या. तरी ती मॅच आपण चार रनांनी हरलो. हेही लक्षात ठेवा. बदलीवाल्याने कमाल केली म्हणजे मॅच जिंकलीच, असं होत नाही.

2022 ला तो गुजरात टायटन्समध्ये गेला. 8 एप्रिल, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. गुजरातने संघात दोन बदल केले आणि दर्शनला पहिली आयपीएल मॅच मिळाली. समोर कोण? पंजाब! ज्यांनी तीन वर्षं बाकावर बसवलं, तेच. आणि दर्शनने लागोपाठ दोन बॉलवर दोन विकेट काढल्या. त्यातली पहिली अमरावतीच्या जितेश शर्माची, विदर्भातल्याच त्याच्या जोडीदाराची. मी त्या रात्री ऑफिसात पान लावत बसलो होतो, टीव्ही समोर होता. खरं सांगतो, हातातलं काम थांबलं. जितेश आउट झाला म्हणून वाईट वाटावं की दर्शनने केला म्हणून नाचावं, कळेना.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे मी कोणाला उपदेश देतो आहे असं वाटणार नाही.

नव्वदच्या दशकात मी शाळेच्या टीममध्ये होतो. तालुक्याची फायनल. समोरच्या शाळेचा बॉलर असा की त्याच्या नावाने आमच्या पोटात गोळा यायचा. मॅचच्या दिवशी कळलं, त्याच्या बहिणीचं लग्न आहे, तो येत नाही. आम्ही मैदानावरच नाचलो. त्याच्या जागी आलेलं पोरगं काटकुळं, पायात फाटके कॅनव्हास. आमच्यातला एक ओरडला, "याले तर मी डोळे मिटून मारतो बे!"

आम्ही 61 वर ऑलआउट. मी दुसऱ्याच बॉलवर बोल्ड.

मॅचनंतर त्या पोराला विचारलं, तू आधी कधी खेळला का नाहीस? तो म्हणाला, "नंबरच नाही लागला. रोज संध्याकाळी मी त्याच्यासोबतच बॉलिंग करतो ना, दोन वर्षं झाली." आम्ही दोन वर्षं त्यांच्या मेन बॉलरचा अभ्यास केला होता. याचा एक बॉलही पाहिला नव्हता.

सगळं गणित इथेच आहे. मेन खेळाडूचं सगळं आपल्याला माहीत असतं: रनअप, यॉर्कर कधी टाकतो, राग कधी येतो. बदलीवाल्याचं काहीच माहीत नसतं. त्याचा बॉल हातातून कसा सुटतो, हे कळेपर्यंत दोन विकेट गेलेल्या असतात. तो कमजोरच असेल असं आपण धरून चालतो, आणि तो असतो फक्त अनोळखी.

दुसरं म्हणजे बाकावरचा पोरगा आपोआप तयार होत नाही. उमेश असो की गुरबानी, त्यांच्यामागे सुब्रतो बॅनर्जींसारख्या कोचची मेहनत होती. ज्या संघाचा बाक मजबूत, तो एक माणूस गेल्याने कोसळत नाही. म्हणून आपल्या कोच सरांना आणि कॉलेजच्या मंडळींना नम्रपणे विचारतो: उद्या आपलाच मेन बॉलर आजारी पडला तर आपल्याकडे कोण आहे? त्या पोराला या सीझनमध्ये किती ओव्हर मिळाल्या? की तो फक्त बाटल्या वाहतो? समोरच्यांवर हसण्याआधी हे उत्तर शोधलेलं बरं.

आणि पोरांनो, तो फोटो डिलीट करा. आजच करा. रविवारी तो पोरगा बॉल हातात घेईल तेव्हा पहिल्या दोन ओव्हर नीट खेळा, त्याचा हात बघा, मग मारा. जिंकलो तर त्याच्याशी हात मिळवा. हरलो तरी मिळवा. आज तो त्यांचा बदलीवाला आहे, पण उद्या विदर्भाच्या टोपीत दिसला तर आपणच म्हणणार, "अरे, हा तर आपल्या वर्ध्याचा!"

मी रविवारी मैदानावर असेनच. मॅच आपणच जिंकावी, ही माझीही इच्छा आहे बरं का. पण जिंकायची तर खेळून.