फिरंगी कोण?

रेवदंड्याला आमच्या शाळेत खाडीपलीकडच्या कोर्लईहून एक मुलगा यायचा. घरी तो वेगळी भाषा बोलायचा. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या शेजारातून घडलेली ही भाषा. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. आमच्याशी तो आमच्यासारखंच मराठी बोलायचा आणि डब्यात आमच्यासारखीच तांदळाची भाकरी आणायचा. तरी एकदा विटीदांडूवरून भांडण झालं आणि मी ओरडलो, “जा रे, फिरंगी कुठला!” तो रडला नाही, उलट बोललाही नाही. पण पुढे कित्येक दिवस माझ्या बाकावर बसला नाही.

शिवी मला शोधावी लागली नव्हती. आमचं गावच मुळी फिरंग्यांच्या तटबंदीच्या आत वसलेलं. 1521 साली पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, समोरचा कोर्लईचा डोंगर 1594 मध्ये जिंकला आणि 1739 मध्ये वसई पडल्यावर, पुढच्या वर्षीच्या तहात, दोन्ही मराठ्यांच्या हाती आले. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, आणि ते गेले. शाळेत एवढंच शिकवलं होतं.

शब्दाचा माग मात्र पोर्तुगालला जात नाही, तो जातो ऱ्हाइन नदीकाठी. तिसऱ्या शतकापासून रोमन लोक तिथल्या काही जर्मानिक टोळ्यांना ‘फ्रँक’ म्हणू लागले. जुन्या इंग्रजीत ‘फ्रांका’ म्हणजे फेकायचा भाला, जुन्या नॉर्समध्येही त्याच कुळातला शब्द आहे. तेव्हा फ्रँक म्हणजे ‘भालेवाले’, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. शेजारच्या सॅक्सन लोकांचं नावही त्यांच्या सुऱ्यावरून पडलं असं मानतात, त्यामुळे यात नवल नाही. पुढे या भालेवाल्यांनी गॉल जिंकलं. जिंकलेल्या मुलखात पूर्ण मोकळा माणूस म्हणजे फ्रँक, म्हणून शब्दाला ‘स्वतंत्र’ असा अर्थ आला आणि तिथूनच इंग्रजीतला मनमोकळा ‘फ्रँक’. जर्मन माणूस आजही फ्रान्सला ‘फ्रांकराइश’ म्हणतो, डच ‘फ्रांकरेक’, स्वीडिश ‘फ्रांकरिके’. सगळ्यांचा अर्थ एकच, फ्रँकांचं राज्य.

अरबांच्या जिभेला सुरुवातीचं जोडाक्षर पेलत नाही. आपल्याकडे जुनी माणसं स्टेशनाला ‘इस्टेशन’ म्हणत, तसं त्यांनी फ्रँकांना ‘इफ्रंज’ केलं. फारसीत ‘फरंग’ झालं. क्रुसेडच्या लढायांनंतर तर पश्चिम युरोपातला कोणीही आला तरी तो फरंगीच.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. अल्-मसूदी हा अरब प्रवासी इ. स. 916च्या सुमारास सैमूर नावाच्या बंदरात होता. सैमूर म्हणजे आमचं चौल, रेवदंड्याहून चालत जाण्याइतकं जवळ. तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या वस्तीबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. आणि त्याच ग्रंथात त्यानं इफ्रंजांवर एक प्रकरण लिहिलं, त्यांच्या राजांच्या यादीसकट. पोर्तुगीज गलबतं या किनाऱ्याला लागण्याआधी साडेपाचशे वर्षं चौल आणि फ्रँक एकाच पुस्तकात शेजारी बसलेले होते! पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना द्यायचं नाव अरब-इराणी व्यापाऱ्यांकडे तयारच होतं. ते आपणही उचललं.

मग बाकीचे टोपीकर आले. त्यांची नावं आपण बहुतेक पोर्तुगीजांच्या तोंडून घेतली. इंग्रज तिथलाच, वलंदेजही तिथलाच. गंमत अशी की ज्यांच्या देशाला खरोखर फ्रँकांचं नाव आहे, ते फ्रेंच मराठी कागदांत ‘फरांसीस’ झाले आणि फिरंगी हे नाव राहिलं पोर्तुगीजांकडे.

शब्द माणसांपाशी थांबला नाही. भावमिश्रानं सोळाव्या शतकात ‘भावप्रकाशा’त उपदंशासारख्या नव्या रोगाला ‘फिरंग’ म्हटलं. त्याच्याच नेमकं उलट म्हणजे ‘फिरंग’ तलवार. लांब, सरळ, युरोपातून आलेलं पातं आणि त्याला इथल्या कारागिरानं बसवलेली मूठ. मराठा सरदारांना ती प्रिय होती. अशा पात्यांसाठी जर्मनीतलं सोलिंगेन प्रसिद्ध. हे गाव ऱ्हाइनच्याच परिसरात, फ्रँकांच्या जुन्या मुलखात आहे. भाल्यावरून निघालेला शब्द फिरून हत्यारावरच येऊन बसला. आणि 1660 मध्ये शाहिस्तेखानासमोर चाकणचा किल्ला जवळजवळ दोन महिने लढवणाऱ्या किल्लेदाराचं नाव काय? फिरंगोजी नरसाळा. त्या घरात हा शब्द शिवी असता तर पोराला कोण ठेवील हे नाव?

कोर्लईच्या माणसांना मात्र यातलं काहीच लागू होत नाही. किल्ला गेला, पोर्तुगीज गेले, हे इथेच राहिले, कारण हे इथलेच. पोर्तुगीज सत्ता जाऊन जवळपास तीनशे वर्षं होत आली तरी त्यांनी भाषा घरात टिकवली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं 1996 मध्ये त्या भाषेवर अख्खं पुस्तक लिहिलं. पाव, चावी, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडूनच घेऊन मिरवणारे आपण, आणि फिरंगी ते!

गेल्या दिवाळीनंतर मी पूल ओलांडून त्याच्याकडे गेलो. तो वाडीत भाजीला पाणी सोडत होता. विटीदांडूची आठवण मीच काढली. त्याला ती स्पष्ट आठवत होती, मी कुठे उभा होतो ते सुद्धा. मी जे वाचलं होतं ते सगळं सांगत बसलो, ऱ्हाइनपासून सोलिंगेनपर्यंत. त्यानं ऐकून घेतलं.

“म्हणजे मुळात तो भाला?” त्यानं विचारलं.

“बहुतेक.”

“तरीच लागला,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या वाफ्याकडे पाणी वळवायला वाकला. मग आतल्या बाजूला बघून त्यानं बायकोला त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मला एक शब्द कळला नाही. थोड्या वेळानं चहा आला.