गाडीतले पिस्तूल आणि मार्टिन ल्यूथर किंग

३० जानेवारी ही तारीख आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९४८ साली त्या संध्याकाळी प्रार्थनासभेपर्यंत एक पिस्तूल लपवून आणले गेले होते. बरोबर आठ वर्षांनी, ३० जानेवारी १९५६ च्या रात्री, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात एका पाद्र्याच्या घराच्या व्हरांड्यात बॉम्ब फुटला. घरात त्याची बायको आणि जेमतेम अडीच महिन्यांची मुलगी होती. दोघी वाचल्या. पाद्री सभेला गेला होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग, वय २७.

गांधीजींचा अमेरिकेतला वारस म्हणून किंग आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. बॉम्बनंतर त्यांनी काय केले ते मात्र मला फार उशिरा कळले. ते शेरीफच्या कचेरीत गेले आणि गाडीत पिस्तूल ठेवण्याचा परवाना मागितला.

'गाडीत' हा शब्द महत्त्वाचा आहे. अलाबामाच्या १९३६ च्या कायद्यानुसार स्वतःचे घर, जमीन किंवा धंद्याची जागा इथे पिस्तूल ठेवायला परवाना लागत नसे. ते वाहनात ठेवायचे किंवा अंगावर लपवून न्यायचे असेल, तर लागे.

प्रवासातल्या शस्त्राची ही भानगड जुनी आहे. केंटकी राज्याने १८१३ साली लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घातली, दंड किमान १०० डॉलर. पण त्यातच सूट ठेवली : माणूस प्रवासाला निघालेला असेल तर चालेल. जंगलातून, एकट्याने, घोड्यावर जाणाऱ्याला भीती असणारच, हे कायद्याला मान्य होते. टेक्सासने १८७१ साली अंगावरच्याच नव्हे, तर खोगिरातल्या आणि खोगिराच्या पिशवीतल्या पिस्तुलावरही बंदी घातली. तिथेही प्रवाशाला सूट होतीच. मग 'प्रवासी' कुणाला म्हणायचे यावर तिथल्या न्यायालयांनी शंभरेक वर्षे डोके खाजवले. रात्र बाहेर काढली तर प्रवासी? जिल्ह्याची हद्द ओलांडली तर? अखेर २००७ साली टेक्सासने स्वतःच्या गाडीत, नजरेस पडणार नाही असे पिस्तूल ठेवायला मोकळीक दिली. जे लपवणे पूर्वी गुन्हा होते, तेच लपवणे आता अट झाली!

आता माँटगोमेरी. डिसेंबर १९५५ पासून तिथल्या काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार घातला होता. कामाला जाणाऱ्या बायाबापड्यांना पोहोचवायला सुमारे ३०० खासगी गाड्या फिरत. म्हणजे आंदोलनच गाड्यांवर उभे होते, आणि पोलिसांनी नेमके तिथेच बोट ठेवले. गाडी थांबवायची, लायसन्स बघायचे, चिठ्ठी फाडायची. २६ जानेवारीला किंग स्वतः प्रवासी घेऊन निघाले असताना त्यांना पकडले. गुन्हा काय, तर ताशी २५ मैलांची मर्यादा असताना ३० मैल वेग! पोलिसांच्या गाडीत बसवून त्यांना अंधाऱ्या, अनोळखी रस्त्यांनी नेले. आपल्याला जमावाच्या हाती द्यायला नेत आहेत, असे त्यांना वाटत राहिले. तुरुंगाची पाटी दिसली तेव्हा जिवात जीव आला. तुरुंग पाहून हायसे वाटावे, यावरून त्या रस्त्यांची कल्पना करा. त्यानंतर चारच दिवसांनी बॉम्ब फुटला.

तेव्हा प्रवासाची भीती किंगना होती, आणि ती १८१३ च्या घोडेस्वाराहून कमी नव्हती. कायदा म्हणत होता की अर्जदाराला इजेची रास्त भीती असावी आणि तो 'योग्य माणूस' असावा. भीतीचा पुरावा व्हरांड्यात पडला होता. पण योग्य माणूस कोण, हे शेरीफ ठरवणार होता. परवाना मिळाला नाही.

घरात मात्र बंदुका होत्या. त्या दिवसांत भेटायला आलेला एक पत्रकार खुर्चीवर बसायला गेला, तर खाली पिस्तूल! पुढे किंग आणि कोरेटा यांनी रात्र रात्र बोलून ठरवले की अहिंसेची चळवळ चालवायची आणि उशाला शस्त्र ठेवायचे हे जमणार नाही. शस्त्र गेले, घराभोवती दिवे लागले, निःशस्त्र पहारेकरी आले. हे सगळे त्यांनी स्वतःच १९५८ च्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, परवान्याच्या अर्जासकट. लपवले असते तर कुणाला कळलेही नसते. या कबुलीने ते मला लहान वाटत नाहीत. भ्यायलेल्या बापाची अहिंसा मला जास्त खरी वाटते.

दहा-अकरा वर्षांनी कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर तरुण बंदुका घेऊन, गाड्यांतून पोलिसांच्या गाड्यांमागे फिरू लागले. ते कायद्यात बसत होते. मग १९६७ साली कायदाच बदलला, आणि भरलेले शस्त्र गाडीत किंवा रस्त्यावर नेण्यावर बंदी आली. सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. बंदुकीच्या स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारे बरेच लोक हे प्रकरण सोयीने विसरतात.

मी गाडीत नेलकटरपेक्षा धारदार काही ठेवत नाही. तरी नाकाबंदीत लायसन्सवरचे नाव वाचून झाले की 'डिकी उघडा' हे शब्द कधी कधी येतात. स्टेपनी, चटई आणि पाण्याचा कॅन बघून ते झाकण बंद होते. तेवढा अर्धा मिनिट माझे दोन्ही हात कुठे आहेत याची मला फार जाणीव असते.

अलाबामात १ जानेवारी २०२३ पासून असा परवाना लागतच नाही. किंगनी जे मागितले होते, त्यासाठी आज शेरीफला विचारायची गरज नाही.

पण परवाना मिळून तरी काय होते? मिनेसोटात फिलँडो कॅस्टिलकडे तो होता. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा ३२ वर्षांचा काळा माणूस. ६ जुलै २०१६ रोजी पोलिसाने त्याची गाडी थांबवली. कारण सांगितले ब्रेकलाइटचे. वायरलेसवर बोलताना मात्र त्याचे नाक एका दरोड्यातल्या संशयितासारखे रुंद असल्याचे म्हटले होते. कॅस्टिलने आपणहून, अदबीने सांगितले की माझ्याजवळ पिस्तूल आहे. काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या सीटवर त्याच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी बसली होती. पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. त्याआधीच्या वर्षांत कॅस्टिलची गाडी चाळीसहून अधिक वेळा अडवली गेली होती. पिस्तूल त्याच्या खिशातच होते.