गोदाकाठचा तव्यावरचा मासा

जालन्यात मासे खातं कोण, असं मुंबई-पुण्याची मंडळी आम्हाला विचारतात. समुद्र लांब, पाऊस बेताचा, मुलूख ज्वारी-कापूस-मोसंबीचा. पण नकाशा उघडा. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांची दक्षिणेची हद्द म्हणजे गोदावरी. शहागडच्या पुलावरून गेलेल्याला हे सांगावं लागत नाही. आणि नदी तिथं भोई, भोई तिथं तवा.

आता पुरावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ 1130च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्याला फार लांब नाही. त्यात माशाची कृती आहे: तुकडे धुवायचे, चिंचेच्या पाण्यात शिजवायचे, गव्हाचं पीठ लावून तेलात तांबूस तळायचे, वरून सैंधव, वेलदोडा, मिरपूड. मिरची नाही! ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. म्हणजे ज्या लाल तिखटाला आपण 'आपली अस्सल चव' म्हणतो, ते इथं पाहुणं आहे. चिंच आणि पीठ मात्र जुनं.

पण हा झाला राजाचा स्वयंपाक. भोयाच्या घरचा कुठं लिहिलाय? कुठंच नाही. तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही अनुपलब्धीचा नियम सांगायचो: जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून ती नाही असं म्हणता येतं. पाकशास्त्राच्या पुस्तकांनी त्या चुलीकडं कधी पाहिलंच नाही, तर तिथं परंपरा नव्हती हे कशावरून ठरवायचं?

कृती तोंडी चालत आली. मरळीचे तुकडे पुसून कोरडे करायचे, हळद-मीठ, चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण, तिखट आणि घरचा काळा मसाला चोळून ठेवायचे. लोखंडी तवा चांगला तापू द्यायचा, तेल बेताचं. तुकडा लगेच उलटायला जाऊ नका. खालची बाजू धरली की तो आपोआप सुटतो. हल्ली शहरात ट्यूना, म्हणजे कोकणातला कुपा, मसाला चोळून बाहेरून भाजतात आणि आतून कच्चा ठेवतात. जपानच्या तोसा भागात कात्सुओ मासा असाच नुसता वरून भाजतात. समुद्रातल्या, नीट गोठवून ठेवलेल्या माशाला ते चालतं. नदीच्या माशाला नाही. त्यात परजीवी असतात, तो आतपर्यंत शिजलाच पाहिजे. आमच्याकडच्या बायकांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं.

मग आलं धरण. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 मध्ये ते पूर्ण झालं. डाव्या कालव्यानं जालन्याच्या शेताला पाणी दिलं, ते आम्ही नाकारत नाही. पण खालचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडू लागलं. जलाशयात रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडतात, मासेमारीचे ठेके निघतात, संस्था असतात. वाहत्या नदीत जाळं टाकायला कागद लागत नव्हता, हे म्हाताऱ्या भोयांना आठवतं. 2012-13च्या दुष्काळात तर जालना शहरालाच टँकरनं पाणी आलं, तिथं माशाचं काय विचारता.

आठवडी बाजारात आज सुकट, सुके बोंबील मिळतात ते कोकणातून आलेले. ताजी मरळ क्वचित दिसते, आणि भाव ऐकून माणूस रोहूच्या टोपलीकडं वळतो.